शिव्या पडलेला गेम घ्यावा का?

प्रश्न : मुलाला स्टीमवरून एक गेम हवा आहे. तो म्हणतो भारी आहे. रिव्ह्यूत मात्र नुसत्या शिव्या. कुणाचं ऐकू?

उत्तर : आधी त्या शिव्या कधीच्या आहेत ते बघा. 'हेलडायव्हर्स २' लोकांनी डोक्यावर घेतला होता. मे २०२४ मध्ये सोनीने त्यासाठी प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं करायचं जाहीर केलं आणि दोन-तीन दिवसांत दोन लाखांवर नकारात्मक रिव्ह्यू येऊन पडले. सोनीने माघार घेतली. राग रास्तच होता (माझंही मत तेच), पण गेम खेळायला कसा आहे, हे त्यातून कळायचं नाही.

स्टीमवर निदान गेम खात्यात असल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही, आणि लिहिणारा किती तास खेळलाय तेही शेजारी दिसतं. अर्ध्या तासात 'बकवास' म्हणणाऱ्यापेक्षा ८० तास खेळून कुरकुरणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. शिवाय तिथले '९० टक्के' म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. तितक्या लोकांनी 'घ्या' म्हटलं, एवढंच.

तरीही मन धजत नसेल, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे स्टीम साधारणपणे परत करतं. चिरंजीवांना घड्याळ लावून बसवा.