सेल महिनाभर ठेवून बघा

लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणून भंगारात जाते, तेव्हा तिच्यातले सगळेच सेल मेलेले नसतात. सहा सेलच्या पॅकमध्ये बहुधा दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक जोडी खचली तरी आतलं सर्किट अख्खा पॅक बंद करतं. उरलेल्या चार सेलांत पुष्कळदा चांगली ताकद शिल्लक असते. माझ्याकडे वीज गेल्यावर लागणारे दिवे आणि राउटर अशाच सेलांवर चालतात. हे काम करावं, असंच माझं मत आहे. धास्ती वाटते ती घाईची.

हे सेल १८६५० मापाचे असतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यांचा जवळजवळ सगळा धातूचा डबा मायनस असतो. प्लसची टोपी आणि डब्याची कड यांच्यात अगदी थोडं अंतर असतं. म्हणून टोपीजवळचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलेलं असेल, तर सेल आधी नव्या आवरणात घाला. पॅक उघडताना स्क्रू ड्रायव्हर खोल खुपसू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा.

मग मल्टिमीटर. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, रिकामा ३ च्या आसपास. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी चार्जिंगला लावतच नाही. अगदी थोडा करंट देऊन तो ‘उठवता’ येतो असं सांगणारे भेटतात, आणि तो उठतोही. धोका तिथेच आहे. व्होल्टेज फार खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं आणि चार्जिंग करताना नको तिथे धातू होऊन साचतं. त्यातून सेलच्या पोटातच शॉर्ट होऊ शकतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

एक सेल मला कायमचा लक्षात राहिलाय. पॅकमधून काढला तेव्हा व्होल्टेज उत्तम होतं. पूर्ण भरून, मोजत रिकामा केला, तर २,००० एमएएचच्या वर क्षमता भरली. कुणीही तो पास केला असता. माझ्या पद्धतीप्रमाणे तो भरून इतरांबरोबर बाजूला ठेवला. काही आठवड्यांनी बाकीचे ४.१ च्या वर होते, हा मात्र बराच खाली उतरला होता. कारण बघावं म्हणून परत चार्जिंगला लावला. बाकीचे भरून थांबले, हा करंट ओढतच राहिला आणि बोट टेकवेना इतका तापला. चार्जर काढला, चिमट्यानं सेल उचलला आणि अंगणातल्या लोखंडी घमेल्यात ठेवला. गळक्या माठात पाणी ओतत राहावं तसं चाललं होतं. भरलेली वीज आतच झिरपून उष्णता होत होती. हाच सेल पॅकमध्ये जोडलेला असता, तर रात्री कपाटात, कपड्यांशेजारी तापला असता.

म्हणून क्षमतेच्या आकड्यावर भाळू नका. सेल पूर्ण भरा, तारीख आणि व्होल्टेज त्याच्यावरच लिहा, आणि महिनाभर हात लावू नका. ४.१ च्या खाली आलेला बाद. चार्जिंगमध्ये कोमटापेक्षा जास्त तापलेलाही बाद, मग क्षमता कितीही असो. बहुतेक जण हा महिना गाळतात, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं.

चार्जर लिथियमचाच हवा, ४.२ ला थांबणारा. अर्धा अँपिअर पुरे. सेल फरशीवर ठेवा, आणि तुम्ही जागे असाल, समोर असाल तेव्हाच भरा. जोडताना सेलवर सोल्डरिंग करू नका, ती उष्णता आत जाते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावा, नाहीतर सरळ होल्डर वापरा. एकापुढे एक जोडणार असाल, तर सेल सारख्या क्षमतेचे निवडा आणि बीएमएस, म्हणजे सेलांचं व्होल्टेज सांभाळणारं सर्किट, लावाच. सेलमधून धूर निघू लागला तर तो धूर छातीत घेऊ नका, विषारी असतो. माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

बाद सेलांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत सेल चेपला की आग लागते. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तुमच्या भागात ई-कचरा कुठे घेतात ते पॅक उघडण्याआधीच विचारून ठेवा.