सकाळचा नमस्कार आणि रिकामी खोली



आजचं वाचन श्रीमद्भागवत, स्कंध पहिला, अध्याय तेरावा. धृतराष्ट्राच्या गृहत्यागाचा हा अध्याय आपण वैराग्यासाठी वाचतो. आज मात्र त्यातल्या एकाच प्रसंगाशी थांबू या. घरातला एक म्हातारा, आंधळा माणूस कोणालाही न सांगता घरातून निघून जातो, तो प्रसंग.

प्रसंग

युद्ध संपलंय. मुलं गमावलेला धृतराष्ट्र पांडवांच्याच घरी राहतोय. बऱ्याच वर्षांनी विदुर तीर्थयात्रेहून परत येतो. काही दिवस राहतो आणि मग मोठ्या भावाला स्पष्ट सांगतो, की शरीर थकलंय, काळ जवळ आलाय, आणि ज्यांचं तू वाईट केलंस त्यांच्याच अन्नावर किती दिवस जगणार? धृतराष्ट्र ऐकतो, निघतो. गांधारी त्याच्या मागे जाते.

सकाळी युधिष्ठिर संध्या, होम, दान आटोपून वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला येतो. पाहतो तर तिघंही नाहीत. तो लगेच संजयाला विचारतो, आमचे वृद्ध, आंधळे काका कुठे गेले? आणि पुढची शंका तो स्वतःवरच घेतो. माझं काही चुकलं का? त्या दुःखात त्यांनी पत्नीसह गंगेत उडी तर घेतली नाही ना? पांडूच्या मागे आम्हा लहानग्यांना याच काकांनी जपलं, याचीही तो आठवण काढतो. पुढे नारद येऊन त्याची समजूत घालतात.

पहिला विचार: कळलं कसं?

राज्य चालवणाऱ्या माणसाला काका नाहीत हे त्याच सकाळी कळलं, कारण तो रोज नमस्काराला जात होता. आपण या नमस्काराला संस्कार म्हणतो. तो संस्कार आहेच, पण म्हाताऱ्या माणसाभोवतीचा तो रोजचा पहाराही आहे. रोज कोणीतरी येणार हे ठरलेलं असलं, की रिकामी खोली फार वेळ लपून राहत नाही.

आता आपल्या नागपूरकडे बघा. मुलं पुणे, हैदराबाद, बंगळुरूला. आईबाबा इथे, मोठ्या घरात दोघंच, नाहीतर एकटेच. घर आहे, पेन्शन आहे, एफडी आहे. लुबाडणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. मे २०२४ मध्ये इथेच ८२ वर्षांच्या एका आजोबांना गाडीने उडवलं. आधी तो अपघात वाटला. नंतर पोलिसांनी मालमत्तेसाठी कट केल्याचा आरोप ठेवला आणि घरातल्याच व्यक्तीला अटक झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. आपण एवढंच लक्षात ठेवू, की धोका नेहमी बाहेरूनच येतो असं नाही.

घरात बसूनही माणूस बेपत्ता होतो. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे तेच. खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर आजोबांना सांगतो, कॉल बंद करू नका, मुलालाही सांगू नका. शेजारच्याला वाटतं, काका घरीच तर आहेत! तोवर खातं रिकामं. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं होतं, की अशी अटक कायद्यात नाहीच.

दुसरा विचार: विदुर कोण, आणि ठग कोण?

वरवर पाहिलं तर विदुरानेही तेच केलं ना? बऱ्याच वर्षांनी आला, एकांतात बोलला, म्हाताऱ्या भावाला गुपचूप घेऊन गेला. मग फरक काय? विदुर कडू बोलला. त्याने काही मागितलं नाही, उलट सगळं सोडायला सांगितलं, आणि स्वतः सोबत चालला. ठग गोड बोलतो नाहीतर भीती घालतो, घाई करतो, आणि शेवटी त्याला सही, ओटीपी किंवा घराचे कागद हवे असतात. आजीआजोबांच्या आयुष्यात कोणी नवीन ‘आपला माणूस’ आला असेल, तर ही कसोटी लावून बघा. तो सत्संगात भेटलेला असला तरी लावा.

तिसरा विचार: शोध

युधिष्ठिर दुपारपर्यंत थांबला नाही. म्हातारं माणूस घरी आलं नाही, तर २४ तास थांबायचं असा कायदा नाही. लगेच ११२ लावा, जवळच्या ठाण्यात तक्रार द्या, अलीकडचा फोटो द्या. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ कळवा. वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

घर मुलाच्या नावावर करून झालंय आणि आता तो सांभाळत नाही, असं असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट असेल आणि ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. घराचा ताबाही परत देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून अट कागदावर लिहूनच घ्यावी. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा.

आजचा नेम

जप, पोथी, आरती चालू ठेवाच. त्याला एक जोडा: रोज ठरलेल्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन. “जेवले का?” एवढ्यावर थांबू नका. आज कोण आलं होतं, कोणाचा फोन आला, कुठे सही केली का, हे सहज गप्पांत विचारा. चौकशीचा सूर नको, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. आणि फसले असतील तर रागावू नका हो. ठगाचा अर्धा धंदा त्यांच्या लाजेवर चालतो. युधिष्ठिराने काकांना दोष दिला नाही, आधी स्वतःकडे पाहिलं.

मला विचाराल तर, देवाला केलेला नमस्कार पूर्ण होण्यासाठी हा दुसरा नमस्कारही रोज व्हायला हवा.

हे पांडुरंगा, आमच्या घरातली एकही खोली आमच्या नकळत रिकामी होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!