क्लोरीनचें पाणी उकळावें काय?

पाण्यांत क्लोरीनचें औषध घातलें म्हणजे पटकी, विषमज्वर व हगवण यांचे जंतु मरतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु असें पाणी तापविल्यानें औषधाचें विष होतें काय, असा प्रश्न पुष्कळ जण करितात. त्याचा विचार नीट केला पाहिजे. कारण अर्धवट समजुतीनें भिऊन औषधच सोडून दिलें, तर लेंकरांच्या जिवावर बेतेल.

नदी-तळ्यांच्या पाण्यांत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश विरघळलेला असतो. क्लोरीनचा त्याशीं संयोग होऊन निराळे पदार्थ उत्पन्न होतात. त्यांत क्लोरोफॉर्म असतो, हें हॉलंडांतील रॉटरडॅम येथील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. तो फार प्रमाणांत पुष्कळ वर्षें पोटांत गेल्यास अपायाचा संभव असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची मर्यादा लिटरास ०.३ मिलिग्रॅम ठरविली आहे.

आतां उष्णतेचें कार्य पाहूं.

१. पाणी तापूं लागलें म्हणजे उरलेलें क्लोरीन अधिक वेगानें काम करितें, व हे पदार्थ कांहींसे वाढतात. भांडें घट्ट झांकलेलें असल्यास ते आंतच कोंडून राहतात.

२. क्लोरोफॉर्म सुमारें ६१ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून उघड्या भांड्यांत पाणी खळखळूं लागलें कीं, त्याचा बराच अंश वाफेबरोबर निघून जातो. क्लोरीनहि उडून जातें.

३. क्लोरीनपासून झालेलीं कांहीं आम्लें मात्र अशीं उडून जात नाहींत. नायट्रेट व फ्लोराइड हे क्षारहि उकळल्यानें जात नाहींत. उलट पाणी आटेल तसतसें त्यांचें प्रमाण वाढतें.

तेव्हां रीत अशी ठेवावी. गढूळ पाणी निवळून व गाळून मगच औषध घालावें. उकळावयाचें झाल्यास उघड्या भांड्यांत खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवावें; व्यर्थ आटवूं नये. मग झांकून त्याच भांड्यांत निवूं द्यावें. उकळलेल्या पाण्यांत रक्षणास क्लोरीन उरत नाहीं, यास्तव त्यांत हात बुडवूं नये. लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें.

ह्या पदार्थांपासून होणारा अपाय पुष्कळ वर्षांनीं व क्वचित् घडणारा आहे. पटकीचा रोगी कांहीं तासांतच दगावूं शकतो. म्हणून औषध कधींहि बंद करूं नये.

उजळणीचे प्रश्न: (१) भांडें उघडें कां ठेवावें? (२) उकळल्यानें काय जात नाहीं? (३) उकळलेल्या पाण्यांत हात कां घालूं नये?