भरलेल्या वीजपेटीत नवी वाट

घरातील वीजपेटी भरली असता गीझरसाठी नवी वाट कोठून काढावी? जुन्याच एमसीबीत, म्हणजे आपोआप बंद पडणाऱ्या कळीत, दुसरी तार खोचावी असे पुष्कळांस सुचते. पण गणित पाहा. २३० व्होल्टवर २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हा जूलने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम होय. कळ वारंवार पडते म्हणून मोठी बसविली, तर तार जळू लागली तरी ती स्वस्थ राहील. कारण कळ ही तारेची राखणदार होय. यास्तव प्रथम घराचा एकूण भार मोजवावा. मुख्य तारेस तो झेपत असेल, तरच शेजारी छोटी पेटी बसवावी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे, अशी पालकांस आमची विनंती आहे.