समुद्रावर सांडलेलं तेल कुठे जाईल?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं, तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. अशा वेळी पहिला प्रश्न हाच: तेल कुठे जाणार, आणि किती वेळात?

हे गणित मुलांना जरूर द्या. ढोबळ नियम असा, की तवंग प्रवाहाच्या पूर्ण वेगाने सरकतो आणि वाऱ्याच्या वेगाचा साधारण ३ टक्के भाग त्यात मिळतो. समजा वारा किनाऱ्याकडे ताशी २० किमी, म्हणजे त्याचा वाटा ०.६. भरतीचा प्रवाहही किनाऱ्याकडेच, ताशी १ किमी. ८ किमी अंतर ५ तासांत पार! पण ओहोटी लागली की प्रवाह उलटा; मग तोच तवंग ताशी ०.४ किमीने मागे फिरतो.

वाऱ्याचा अंदाज जरा चुकला तरी उत्तर बदलतं. म्हणून संगणकावर वारा-प्रवाह थोडे थोडे बदलून हेच गणित शेकडो वेळा करतात. १०० पैकी ६० वेळा तेल कांदळवनात पोचलं, तर शक्यता ६० टक्के. आपल्या किनाऱ्यासाठी असे अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था देते.

शक्यता म्हणजेच धोका नव्हे, हे मात्र नीट समजवा. (माझ्या मते धड्यातला हाच खरा भाग.) उघड्या खडकावरचं तेल लाटा धुऊन नेतात. कांदळवनात ते चिखलात मुरतं, झाडांची श्वसनमुळं बुजवतं आणि वर्षानुवर्षं राहतं. आता खडकाची शक्यता ८० टक्के, कांदळवनाची ४० आणि तेल अडवायचे तरंगते अडसर एकाच जागेपुरते. ते कुठे लावायचे? मुलांनाच वाद घालू द्या.