जठराग्नी आणि जलसंजीवनी

भोजनास बसण्यापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याची चाल अद्याप पुष्कळ घरांतून आहे. वैश्वानररूपाने प्राणिमात्रांच्या देहात राहून आपण चतुर्विध अन्न पचवितो, असे भगवंतांनी त्या अध्यायात सांगितले आहे. हा अग्नी म्हणजे पोटात पेटलेला जाळ, अशी लहानपणी आमची समजूत होती. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या काही भगिनींनी पचनाचा पाठ सोप्या मराठीत मागितला, तेव्हा पुस्तके चाळताना ध्यानी आले की, या अग्नीचे बहुतेक सर्व कार्य पाण्याच्या आश्रयाने चालते.

ज्वारीच्या भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले असता तो गोड लागू लागतो. लाळेतील पाचक द्रव्य पिष्टाची साखर करू लागते, त्याची ही खूण. पुढे जठरात तीव्र आम्ल व पेप्सिन हे द्रव्य प्रथिनांस फोडतात. आम्लाने पुष्कळसे जंतूही मरतात. जठरातून अन्न थोडेथोडे ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, उतरते. तेथे यकृतातून पित्त व स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. परीक्षेत येथे हमखास चूक होते. पित्त स्निग्ध पदार्थ पचवीत नाही. ते त्यांचे बारीक थेंब करून देते, पचविण्याचे काम स्वादुपिंडाच्या रसाचे.

आता पाण्याचा हिशेब पाहा. प्रौढ मनुष्य अन्नपाण्यातून दिवसाकाठी सुमारे २ लिटर पाणी घेतो; परंतु लाळ, जठररस, पित्त इत्यादी मिळून शरीर स्वतःचे सुमारे ७ लिटर पाणी अन्नमार्गात ओतते. या ९ लिटरांपैकी शौचावाटे जाते ते जेमतेम वाटीभर. बाकीचे सर्व आतडी परत शोषून घेतात, त्यातही मुख्य वाटा लहान आतड्याचा. त्याच्या आतील अस्तरावर मखमलीप्रमाणे असंख्य रसांकुर असतात, आणि साखर, क्षार व पाणी रक्तात जाण्याची वाट तीच.

जुलाबात हा हिशेब उलटतो. पटकीचे विष आतड्याचे अस्तर कुरतडीत नाही, तर त्याच अस्तराकडून क्षार व पाणी बाहेर ओतविते, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले. नुसते पाणी पाजून ही गळती पुरती भरून निघत नाही. तथापि एक दार या अवस्थेतही उघडे राहते. ग्लुकोजचा एक रेणू आत जाताना सोडियमचे दोन कण सोबत नेतो, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पुढे १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांकरवी पाजविले. शेकडा ३० च्या घरातील मृत्यू शेकडा ४ च्या आत आले. महाराष्ट्रात याच पाण्याला जलसंजीवनी म्हणतात.

खकनार परिसरात आणि पलीकडे मेळघाटात आषाढ-श्रावणात नदीनाल्यांचे पाणी गढूळ होते, तेव्हा हा पाठ पुस्तकात राहत नाही. एका पावसाळ्यात एक वृद्ध माता नातवासाठी देवळात अंगारा मागावयास आली. पाणी दिल्याने जुलाब वाढतात म्हणून सकाळपासून मुलास पाणी बंद केले होते. डोळे खोल गेलेले, पोटाची चिमूट सोडली तर कातडी सावकाश बसे. आमच्या वडिलांनी अंगारा लावला, चमच्याने साखर-मिठाचे पाणी सुरू केले व तिला तडक दवाखान्यात धाडले. मूल वाचले. त्या मातेस दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. तिने जे ऐकले होते तेच केले.

प्रमाण मात्र काटेकोर पाळावे. पाकीट मिळाल्यास ते संपूर्ण १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात घालावे. अर्धे-अर्धे करू नये. पाकीट नसल्यास १ लिटरास साखर ६ सपाट चहाचे चमचे व मीठ अर्धा चमचा. गोड लागावे म्हणून साखर वाढविली तर ती उलट आतड्यातच पाणी ओढते. मीठ अधिक झाले तर ते लेकरास अपायकारक. केलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्या लागतात. सहा महिन्यांखालील बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील बालकास २०. मूल गळून जाऊन पिईनासे झाले, किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. पाणी उलटून पडले म्हणून पाजणे सोडणारे पुष्कळ दिसतात. अशा वेळी १० मिनिटे थांबून पुन्हा एकेक चमचा, अधिक सावकाश, पाजावे.