शिवलकरांचं कार्ड

मुरबाड

सोन्या,

परवा सरळगावच्या बाजारात तुमच्या आळीतले एकजण भेटले. क्रिकेटच्या निवडीत नाव आलं नाही म्हणून तू बूट माळ्यावर टाकलेस, चेंडूला पुन्हा हात लावणार नाही म्हणालास, असं कानावर आलं. ताईला फोन केला, तर ‘बरा आहे’ एवढंच. ताईचं ‘बरा आहे’ मी ओळखतो. दाजींच्या दुखण्यातही ती हेच म्हणायची. जेवतोस ना नीट?

रागच आला मला. भातकापणी झाली की खाचरात एक स्टंप रोवून अंधार पडेपर्यंत एकटा चेंडू टाकायचास. तर्जनीची साल निघायची, ताई हळद लावायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा कोण निवडणारा बघत होता रे?

सोबत एक कार्ड पाठवतोय. आमच्या वेळी बबलगमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं निघत. पद्माकर शिवलकर मला कधी मिळाले नाहीत, म्हणून इथल्या स्टुडिओत छापून घेतलं. मागची बाजू आधी वाच. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. कसोटी सामने ०. ते शून्य मीच ठळक छापायला सांगितलं. तुझ्यासारखेच डावरे फिरकीवाले. पण भारतीय संघात त्या जागी बेदी. तिकडे हरयाणाचे राजिंदर गोयलही तसेच ताटकळले. तरी १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात, चेपॉकवर, शिवलकरांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ उडवले. तिसऱ्या दिवशी एकच चेंडू पडला, सामना संपला. भारताकडून कसोटी खेळायला मिळालीच नाही. हे मात्र टाकत राहिले, १९८७-८८मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुंबईकडून उतरेपर्यंत. २०२५च्या मार्चमध्ये गेले ते. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं.

माझं तुला ठाऊकच आहे. चाचणी आणि लावणी एकाच दिवशी आली, आबांनी चिखलातून मान वर केली नाही, मी राहिलो. ते गेलं त्याचं आता काही वाटत नाही. नंतर चेंडूच सोडला, ते मात्र अजून सलतं. म्हणून तुझं ऐकून झोप लागली नाही.

रागावलो ते मनाला लावून घेऊ नकोस. नसेल खेळायचं तर आयटीआय कर, दाजींबरोबर शेती बघ, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू नकोस. ताई घाबरते. मीही.

रविवारी ये. किन्हवलीवरून येणारी एसटी धर, सरळगावला उतर, मी गाडी घेऊन उभा असेन. मामी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी करणार आहे. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. पोटभर जेव आणि दुपारी झोप.

तुझा,
मामा